ऑक्सफर्ड आणि केंब्रिज: खान्देशातून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जळगाव असो, धुळं असो, नाहीतर चोपडा-शिरपूर, आता गल्लीत एखादं तरी घर असतं जिथला मुलगा किंवा मुलगी इंग्लंडात शिकायला किंवा नोकरीला आहे. पहिल्या वर्षी मुलं घरी येतात, पुढच्या वर्षी आईवडिलांना बोलावून घेतात. लंडन पाहून होतं आणि मग कुणीतरी म्हणतं, "एवढ्या लांब आलोच आहोत तर ऑक्सफर्ड-केंब्रिजपण उरकून टाकू." उरकायला म्हणून गेलेल्याला दोन्हीकडे जुन्या भिंती, बंद दरवाजे आणि सायकली एवढंच दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी जे सांगतो, तेच इथं क्रमानं लिहितोय.

आधी नकाशा बघा

दोन्ही शहरं लंडनपासून साधारण सारख्याच अंतरावर, पण वेगवेगळ्या दिशांना. ऑक्सफर्ड वायव्येला, केंब्रिज उत्तरेला. दोघांना थेट जोडणारी रेल्वे होती, ती १९६७च्या अखेरीस बंद पडली. आता ती टप्प्याटप्प्यानं पुन्हा बांधताहेत. तोवर एकातून दुसरीकडे जायचं म्हणजे लंडनला परत येऊन गाडी बदलायची किंवा बस बदलत जायचं. म्हणजे अंतर भुसावळ-धुळ्याहून फार जास्त नसलं तरी अर्धा दिवस प्रवासातच जातो. दोन दिवस असतील तर दोन्ही बघा. एकच असेल तर एकच शहर निवडा.

युनिव्हर्सिटीचं गेट शोधू नका

आपल्याकडे विद्यापीठ म्हटलं की बांभोरीचं डोळ्यासमोर येतं. गिरणेच्या काठावरचं आवार, मोठं प्रवेशद्वार, आत प्रशासकीय इमारत. आणि त्याला जोडलेली कॉलेजं जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली. ऑक्सफर्डला उतरून "युनिव्हर्सिटी कुठाय?" असं विचारलं तर समोरचा गोंधळतो, कारण तुम्ही बहुधा तिच्या मधोमधच उभे असता.

ऑक्सफर्डचेच एक तत्त्वज्ञ, गिल्बर्ट राईल, यांनी १९४९ साली नेमकं हेच उदाहरण वापरलं होतं. एक पाहुणा सगळी कॉलेजं, ग्रंथालयं, मैदानं, कचेऱ्या बघतो आणि शेवटी विचारतो, "हे सगळं ठीक, पण विद्यापीठ कुठे आहे?" अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तेव्हा आपल्या भागातल्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगायला नको.

तिथलं कॉलेज म्हणजे वर्गखोल्यांची इमारत नव्हे. वसतिगृह, जेवणाचा हॉल, ग्रंथालय, प्रार्थनाघर, बाग आणि शिकवणारे प्राध्यापक असं सगळं एका कोटाच्या आत असतं. प्रत्येकाचं उत्पन्न वेगळं, नियम वेगळे. परीक्षा आणि पदवी मात्र विद्यापीठाची, तेवढं आपल्यासारखंच. ऑक्सफर्डला अशी कॉलेजं चाळिसाच्या आसपास, केंब्रिजला ३१. सगळी बघायची नसतात. दोन आतून बघा, बाकीची जाता-येता दिसतील तेवढी पुरेत.

कोटाच्या दारातच एक खोली असते, तिला लॉज म्हणतात. तिथं बसलेला माणूस म्हणजे पोर्टर. आपल्याकडचा शिपाई समजून त्याला ओलांडून जाऊ नका, आत कोणाला सोडायचं हे तोच ठरवतो. बाहेर फळा लावलेला असतो: आज पाहुण्यांना खुलं की बंद, वेळ काय, तिकीट किती. बंद असेल तर हुज्जत घालून उपयोग नाही, पुढच्या दाराशी जा. आणि एक सक्त गोष्ट: चौकातल्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. कितीही मऊ दिसली तरी नाही. बहुतेक कॉलेजांत तो मान तिथल्या फेलो मंडळींचा, म्हणजे कॉलेजच्या सदस्य-प्राध्यापकांचा असतो.

महिना बघून शहर ठरवा

खान्देशी माणूस मे-जूनमध्ये निघतो. मुलांच्या शाळांना सुट्टी असते आणि इथं पारा ४४-४५ वर गेलेला असतो. पण नेमका तोच काळ तिथं परीक्षांचा. केंब्रिजमधली बरीच कॉलेजं एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पाहुण्यांना दार लावून घेतात किंवा थोडाच भाग उघडा ठेवतात. ऑक्सफर्डलाही परीक्षा असतात, पण तिथं कॉलेजांबाहेर बघण्यासारखं इतकं आहे की दिवस वाया जात नाही. म्हणून मे महिन्यात एकच जमणार असेल तर ऑक्सफर्ड. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत केंब्रिजला सुखानं जा.

मे-जूनमध्ये ऑक्सफर्डच्या हाय स्ट्रीटवर एक गंमत फुकट बघायला मिळते. तिथं परीक्षेला गणवेश लागतो, काळा झगा आणि पांढरा शर्ट. त्यावर मुलं कार्नेशनचं फूल खोचतात. पहिल्या पेपरला पांढरं, मधल्या पेपरांना गुलाबी, शेवटच्याला लाल. छातीवरचं फूल बघून कोणाची सुटका जवळ आली ते लांबूनच कळतं. एक्झामिनेशन स्कूल्स नावाच्या इमारतीबाहेर दुपारी थोडा वेळ उभं राहिलं की लाल फुलवाल्यांचे चेहरे बघून आपल्यालाच बरं वाटतं.

हिवाळ्यात जाणार असाल तर लक्षात ठेवा, डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. सकाळची गाडी धरा.

पोचायचं कसं

व्हिसा, विमान हे सगळं मुलं बघतात, त्यावर लिहीत बसत नाही. दोन गोष्टी मात्र मुलांनाही माहीत नसतात.

हीथ्रोला उतरून आधी ऑक्सफर्डलाच जायचं असेल तर लंडनमध्ये शिरायचीच गरज नाही. विमानतळावरून ऑक्सफर्डला थेट बस जाते, रहदारी बरी असेल तर दीड तासात पोचवते. बॅगा घेऊन भुयारी रेल्वेचे जिने चढणं-उतरणं वाचतं. लंडनहून जायचं तर पॅडिंग्टन स्टेशनवरून रेल्वे, साधारण तासाभराची. केंब्रिजसाठी किंग्ज क्रॉसवरून जलद गाडी, तासाच्या आतबाहेर. लिव्हरपूल स्ट्रीटवरूनही गाडी आहे, पण ती जास्त वेळ घेते.

दुसरी गोष्ट म्हणजे वय ६० च्या पुढे असेल तर सीनियर रेलकार्ड काढा. त्यावर तिकिटात एकतृतीयांश सूट मिळते, पासपोर्टवर वय दाखवून पाहुण्यांनाही काढता येतं. साठीच्या आतलं जोडपं असेल तर दोघांच्या नावाचं टू टुगेदर कार्ड आहे, सूट तेवढीच, पण दोघांनी बरोबरच प्रवास करायचा. आणि सकाळी साडेनऊच्या आधी निघू नका. ऑफिसवाल्यांच्या वेळेचं तिकीट फार महाग पडतं आणि त्या वेळेत ही कार्डंही बहुतेक चालत नाहीत.

ऑक्सफर्ड स्टेशनपासून गाव दहा मिनिटांच्या चालीवर आहे. केंब्रिजचं स्टेशन मात्र गावाबाहेर. चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, गुडघे दुखत असतील तर सरळ बस धरा.

ऑक्सफर्डचा दिवस

ऑक्सफर्ड हे आधी शहर आहे. बाजारपेठ, बसची गर्दी, कपड्यांची दुकानं, आणि मधूनच एखादा मनोरा. दगड मधासारखा पिवळा, संध्याकाळच्या उन्हात चमकतो. आपल्या काळ्या दगडाच्या वाड्यांना सरावलेल्या डोळ्यांना तो आधी नवाच रंग दिल्यासारखा वाटतो.

सकाळी थेट रॅडक्लिफ स्क्वेअरला जा. मधोमध गोल घुमटाची इमारत दिसते ती रॅडक्लिफ कॅमेरा. नावात कॅमेरा असला तरी ते वाचनालय आहे, १७४९ साली पुरं झालेलं. आत एरवी फक्त वाचकांना सोडतात. शेजारीच सेंट मेरी चर्चचा मनोरा आहे, तिकीट काढून १२७ पायऱ्या चढल्या की अख्खं गाव खाली दिसतं. जिना अरुंद आणि गोल आहे, वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना अंग चोरून वाट देतात. दम लागत असेल तर खालीच बसा, चौकही काही वाईट नाही.

तिथून दोन पावलांवर बोडलियन ग्रंथालय. १६०२ साली सुरू झालं आणि देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत इथं येण्याचा करार १६१० सालचा. नवा वाचक दाखल होताना शपथ घेतो, पुस्तकाला इजा करणार नाही, आत आग किंवा ज्योत पेटवणार नाही. पाहुण्यांसाठी मुख्य आकर्षण म्हणजे डिव्हिनिटी स्कूल, पंधराव्या शतकातली खोली. छतावरच्या दगडी नक्षीत शेकडो खुणा, आद्याक्षरं, चेहरे कोरलेले आहेत. मान दुखेपर्यंत बघा. तिकीट स्वस्त असतं आणि गर्दी क्राइस्ट चर्च कॉलेजपेक्षा पुष्कळ कमी.

क्राइस्ट चर्चचं खरं सांगायचं तर तिथला जेवणाचा हॉल हॅरी पॉटरच्या चित्रपटांमुळे इतका प्रसिद्ध झाला की रांग त्याचीच असते. बरोबर मुलं असतील तर आधी ऑनलाइन तिकीट काढून जाच, नाहीतर ती परतीच्या प्रवासात बोलणार नाहीत. नसतील तर मागच्या कुरणात फुकट फिरा आणि संध्याकाळी तिथल्या कॅथेड्रलमधल्या प्रार्थनेला बसा. तिचं तिकीट नसतं, साधारण सहाच्या सुमारास असते, कोणत्याही धर्माच्या माणसाला बसता येतं. गाणाऱ्या मुलांचे आवाज ऐकून बाहेर या. आपल्याकडे देवळात चप्पल काढतात आणि टोपी राहते, तिथं बरोबर उलटं: जोडे राहू द्या, टोपी काढा. आमचे एक नाना टोपी काढायला तयार नव्हते. शेवटी बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सगळं गाणं ऐकलं आणि आत बसलेल्यांपेक्षा जास्त खूश होऊन उठले.

रात्री मुक्काम असेल तर ९ वाजून ५ मिनिटांनी त्याच कॉलेजच्या टॉम टॉवरची घंटा ऐका. १०१ ठोके पडतात, मूळचे १०० विद्यार्थी आणि नंतर वाढवलेला एक, या हिशेबानं. पाच मिनिटांचा उशीर मुद्दामचा आहे. ऑक्सफर्डची स्थानिक वेळ पूर्वी ग्रिनिचच्या पाच मिनिटं मागे होती, आणि या घंटेनं ती अजून सोडलेली नाही.

आता संग्रहालयं, आणि तीही फुकट. ॲशमोलियन १६८३ सालचं. पण माझं मत विचाराल तर पिट रिव्हर्सला जास्त वेळ द्या. तिथं जायला आधी निसर्ग इतिहासाच्या संग्रहालयातून जावं लागतं. काचेचं छत, डायनोसोरचे सांगाडे. मागच्या दारातून आत गेलं की एकदम अंधारी, कपाटांनी खच्चून भरलेली दालनं. वस्तू देशाप्रमाणे नाही, कामाप्रमाणे लावल्यात. म्हणजे जगभरच्या वाद्यांचं एक कपाट, जगभरच्या दिव्यांचं दुसरं. चिठ्ठ्या इतक्या बारीक हस्ताक्षरात की चष्मा लागतोच. बायकांनी दागिन्यांच्या कपाटांसाठी वेगळा वेळ काढून ठेवावा.

ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला मान वर करून बघा. एका इमारतीच्या वातकुक्कुटाच्या जागी कोंबडा नाही, हत्ती आहे. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट, संस्कृतचे कोशकार मोनियर-विल्यम्स यांनी उभी केलेली. तिच्या पायाभरणीच्या लेखात देवनागरीत संस्कृत श्लोक आहेत. आणि वुडस्टॉक रोडवरून जाताना समरव्हिल कॉलेज लागलं तर क्षणभर थांबा. नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली इथं आल्या, १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, पण बाईला पदवी देण्याचा नियमच नव्हता. विद्यापीठानं तो १९२० साली केला आणि त्यांची पदवी १९२२ साली हातात आली.

केंब्रिजचा दिवस

केंब्रिज जन्मलं तेच ऑक्सफर्डच्या भांडणातून. १२०९ साली एका बाईच्या खुनावरून ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांनी विद्यार्थ्यांना फासावर दिलं, तेव्हा बरेच गुरू-शिष्य पळाले आणि काही इथं येऊन बसले. गाववाले आणि विद्यार्थी यांचं वैर पुढंही संपलं नाही. १३५५ साली ऑक्सफर्डमध्ये खराब दारूवरून सुरू झालेल्या मारामारीत नव्वदच्या वर माणसं मेली.

केंब्रिज मात्र बघायला शांत. लहान, सपाट, मोकळं. जवळपास चांगला दगड नसल्यानं विटांचं काम बरंच दिसतं आणि दगड लांबून आणलेला. नदी गावाच्या पाठीशी वाहते आणि कॉलेजांची मागची अंगणं थेट तिच्यापर्यंत उतरतात. या भागाला बॅक्स म्हणतात. क्वीन्स रोडच्या बाजूनं किंग्ज कॉलेज बघा, पुढ्यात कुरण, त्यात बऱ्याचदा गाई. गावातलं सगळ्यात चांगलं दृश्य हेच, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

किंग्जचं चॅपल मात्र आतून बघाच, तिकीट महाग वाटलं तरी. १४४६ साली काम सुरू झालं, छत १५१५ साली पुरं झालं. मधल्या काळात राजे बदलले, लढाया झाल्या, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. छताचा दगड पंख्याच्या पात्यांसारखा उलगडत जातो आणि २४ मीटर उंचीवर एकमेकांत मिसळतो. दारातून आत जाऊन लगेच फोटो काढू नका. अर्ध्यापर्यंत चालत जा, बाकावर बसा, मग वर बघा. कॉलेजचं सत्र चालू असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला इथंही फुकट बसता येतं. रांगेत अर्धा तास आधी उभं राहा.

गणितात रस असेल तर ट्रिनिटी कॉलेजसमोर रेंगाळा. मोठ्या दरवाज्यावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे. त्याच्या हातात राजदंड हवा, तिथं खुर्चीचा पाय आहे. कुणा खोडकर विद्यार्थ्याची करामत, आणि कॉलेजनं तो तसाच ठेवला. दाराशेजारच्या हिरवळीवरचं सफरचंदाचं लहानसं झाड न्यूटनच्या गावच्या झाडापासून कलम केलेलं. समोरच्या बाजूला व्हेवेल्स कोर्ट आहे, तिथं रामानुजन राहत. १९१४ साली आले, युद्धाचे दिवस, भाजीपाल्याची टंचाई, आणि पक्के शाकाहारी. खोलीतच स्वतः शिजवून खात. १९१८ साली ते ट्रिनिटीचे फेलो झाले. ट्रिनिटीच्याच रेन लायब्ररीत त्यांचे कागद जपलेले आहेत. ती पाहुण्यांसाठी दुपारी थोडाच वेळ उघडते, वेळ आधी बघून जा.

किंग्जच्या शेजारची पांढरी इमारत म्हणजे सेनेट हाऊस. गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेल्यांना रँग्लर म्हणतात. र. पु. परांजपे १८९९ साली त्यात पहिले आले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. तेव्हा यादी गुणानुक्रमे याच इमारतीत वाचली जाई. परांजपे सेंट जॉन्स कॉलेजचे. क्रिकेटवाल्यांनी पार्कर्स पीस या मैदानावर एक चक्कर मारावी. रणजितसिंहजी इथं खेळत, आणि १८९३ साली ते केंब्रिजच्या संघात आलेले पहिले भारतीय ठरले.

कॉर्पस क्रिस्टी कॉलेजच्या कोपऱ्यावर सोन्याचा मुलामा दिलेलं एक विचित्र घड्याळ आहे. काटे नाहीत, वर नाकतोड्यासारखा एक अक्राळविक्राळ किडा बसलाय आणि तो सेकंद चावत पुढं सरकतो. मधूनच अडखळतो, मधूनच घाईनं पळतो, अगदी बरोबर वेळ दर पाच मिनिटांनी एकदाच दाखवतो. २००८ साली स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. लहान मुलं इथून हलत नाहीत.

फिट्झविल्यम संग्रहालय फुकट आहे, पण सोमवारी बंद.

आता नावेचं. पंट म्हणजे सपाट तळाची लांब नाव, बांबूसारख्या काठीनं ढकलायची. ऑक्सफर्डलाही मिळते, पण केंब्रिजला ती कॉलेजांच्या मागून, पुलांखालून जाते, म्हणून पैसे इथंच खर्च करा. रस्त्यात एजंट गाठतात आणि दर तोंडाला येईल तो सांगतात, त्यांना हसून नमस्कार करा आणि सरळ घाटावरच्या खिडकीवर जाऊन भाव विचारा. नावाडी घेतला तर तो गोष्टी सांगतो. स्वतः चालवायची हौस असेल तर एकच नियम: काठी चिखलात रुतली आणि नाव पुढं निघाली, तर काठी सोडा. काठी धरून बसलेला माणूस पाण्यात पडतो आणि पुलावरचे लोक टाळ्या वाजवतात.

खाणंपिणं

पेढे, खवा, पनीर, तूप घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून नेता येत नाही. शेव, लसणाची चटणी, बिबडे खुशाल न्या, दिवसभराच्या भटकंतीत तेच कामाला येतात. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली बरोबर ठेवा. दुकानात व्हेजिटेरियन लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. अंडं चालत नसेल तर व्हीगन लिहिलेलं घ्या. ऑक्सफर्डचा कव्हर्ड मार्केट १७७४ सालचा आहे, केंब्रिजला चौकातच बाजार भरतो, दोन्हीकडे शाकाहारी पोटभर मिळतं.

एकच जमणार असेल तर

पाऊस असेल, संग्रहालयांची आवड असेल किंवा महिना मे असेल तर ऑक्सफर्ड. ऊन असेल, बरोबर म्हातारी माणसं असतील, किंवा नुसतं नदीकाठी बसायचं असेल तर केंब्रिज. माझा स्वतःचा कल ऑक्सफर्डकडे आहे, कारण तिथं गल्लीगल्लीत काहीतरी सापडत राहतं. पण पाहुणे परत आल्यावर आठवण काढतात ती केंब्रिजचीच, त्यामुळे माझ्या मताला फार किंमत देऊ नका.

रविवार शक्यतो टाळा. रेल्वेची दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात आणि गाडीऐवजी बसमध्ये बसवतात. मंगळवार-बुधवार धरा, कॉलेज उघडं आहे का ते आदल्या रात्री त्यांच्या वेबसाइटवर बघा, आणि परतीची गाडी संध्याकाळी सातनंतरची ठेवा. चार ते सात या वेळेत लंडनहून बाहेर पडणाऱ्यांची गर्दी असते, तुम्ही उलट दिशेनं येत असलात तरी लंडनच्या स्टेशनवर उतरल्यावर त्याच लोंढ्यातून वाट काढावी लागते.